तिसऱ्या गिअरची खडखड

दादा वारल्यावर त्याची सायकल मी कामावर न्यायला लागले. स्वस्तातली, मागे सात गिअर. तिसऱ्यावर चेन टिकायचीच नाही. खडखड करत दातांवरून घसरायची. एकदा पुलाच्या चढावर, मागे ट्रक असताना, पॅडल एकदम मोकळं फिरलं. पडता पडता वाचले.

मी एकेक शक्यता तपासली. चेन झिजलेली नव्हती. चेन सरकवणारा मागचा भाग वाकलेला नव्हता. मागून पाहिलं तर दातेरी चक्रांना अगदी समांतर. राहिली केबल. ती सैल होती. तिच्या टोकाचा बारीक नट जरा पिळला आणि चेन गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खडखड.

"ताई," सायकलवाला म्हणाला, "स्वस्तातली सायकल आणि लाडावलेला जावई, दोघांना रोज पिळावं लागतं."

हादऱ्यांनी नट फिरत असेल, असं मला वाटलं. म्हणून नट पिळून त्यावर नेलपॉलिशची रेघ ओढली, पार शेजारच्या पत्र्यापर्यंत. दिवसभर खड्ड्यांतून हिंडूनही संध्याकाळी रेघ सलग होती. सकाळी मात्र तुटलेली. म्हणजे सायकल उभी असतानाच नट फिरत होता.

पुढच्या सकाळी लवकर उठले. आई सायकलपाशी उकिडवी बसली होती. बोटं ग्रीसनं काळी.

"आई, अगं जीव जाईल माझा त्या चढावर!"

"मग हळू चालव." तिनं मान वर केली नाही. "तू मांजरीसारखी येतेस, बाई. तो आला की फाटकात खडखड व्हायची. ती ऐकली की मी चहा टाकते."

"त्याच्यासाठी?"

"तुझ्याहीसाठी टाकते की."

मला राग आला, आणि भीतीही वाटली. त्याच दिवशी नवी केबल घातली, नट डिंकानं पक्का चिकटवला. आई रडली तर रडू दे, पण हे एकदाचं संपू दे.

संध्याकाळी तिसऱ्या गिअरवर पूल चढले. चेननं हूं की चूं केलं नाही. फाटकाशी उतरले, सायकल उचलून ओट्यावर ठेवली, स्टँडवर लावली. चाकं थांबलेली.

तेव्हा माझ्या पाठीमागे, फाटकात, खडखड झाली.

"आलास का रे?" आईनं आतून विचारलं.

मी वळून पाहिलं नाही. दारातून बाजूला सरले, आत जायला वाट दिली.