नकाशा क्रमांक एक

त्या वेळी नकाशे कापडावर निघत. खळ घातलेलं निळसर, पातळ, चकचकीत कापड. खालची रेघ त्यातून स्वच्छ दिसे आणि ट्रेसर ती शाईने गिरवून घेई. तलावाची आखणी बदलली की नवा नकाशा निघे, त्याला पुढचा क्रमांक मिळे. कपाटात शेवटचे दोनच ठेवायचे, त्याआधीचा रजिस्टरात ‘नष्ट’ लिहून काढून टाकायचा, असा पाटबंधारे कचेरीचा नियम होता. नष्ट म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कापड गरम पाण्यात भिजवलं की खळ आणि शाई निघून जाई, मागे मलमलीसारखं मऊ सूत राही. कचेरीतल्या निम्म्या लेकरांची झबली त्यातूनच शिवलेली.

वच्छला तिथे ट्रेसर होती. आसेगावकडच्या बौद्ध वस्तीतली, पगार घेणारी पहिली मुलगी. दुष्काळी कामातून वस्तीखाली तलाव निघाला, तेव्हा पहिला नकाशा दौलतराव ड्राफ्ट्समननी काढला. दुसरा आणि तिसरा तिने गिरवला. तिसऱ्यात बुडीत रेषा वर सरकली आणि वस्तीची विहीर पाण्यात गेली. घरं टेकाडावर होती, ती वाचली. पाणी चढेपर्यंत कोणी अर्ज केला नाही. आपली मुलगी कचेरीत आहे, ती पाहून घेईल, असं सगळ्यांनी धरलेलं.

पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर तिचे वडील देवमन कचेरीत आले. बुडालेल्या विहिरीच्या बदल्यात नवी मिळावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. साहेब भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, नकाशे मागवले. तिसऱ्यावर विहीर नव्हती. दुसऱ्यावरही नव्हती. पहिला तर उरलाच नव्हता. नकाशावर नसलेल्या विहिरीच्या बदल्यात दुसरी मागता येत नाही, आणि आता जागा पाहायची तर तिच्यावर दोन पुरुष उंचीचं पाणी आहे, असं साहेबांनी समजावून सांगितलं.

देवमननी कापडावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “सायेब, विहीर नोती म्हनता, त मंग अठरा वर्सं आमी पानी कोठचं पेलो?”



वच्छला दाराशी उभी होती. तिला आठवलं. गुंडाळीतलं कापड कोपऱ्यात सारखं वर येई, म्हणून ती त्यावर शाईची दौत ठेवी. दुसऱ्या नकाशाच्या वेळी दौत विहिरीच्या वर्तुळावर होती. काम संपलं, दौत उचलली, कापड गुंडाळलं. खालचं वर्तुळ गिरवायचं राहिलं. तिसरा दुसऱ्यावरूनच काढला. आणि पहिल्यासमोर ‘नष्ट’ लिहून खाली सही तिचीच होती. त्याची भावाच्या लेकीला दोन झबली झाली होती.

पुढे होऊन तिने जसं घडलं तसं सांगितलं, लेखी देते म्हणाली. साहेबांनी मोजणीची वही चाळली. विहिरीची खूण दौलतरावांनी जागेवर जाऊन हातानेच टाकलेली, वहीत ती नव्हती. आणि दौलतराव आदल्या साली वारले होते.

“तू त्याच वस्तीची,” साहेब हळूच म्हणाले. “तुझ्या लेखीला कोण विचारतं? नोकरी जाईल, विहीर येणार नाही.”

बापलेक एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. गाडी लागल्यावर देवमन म्हणाले, “वस्तीत तूच सांग, वच्छे. माह्या तोंडून नाही निघनार.”

रविवारी ती गेली. विहाराच्या ओट्यावर माणसं जमली, बाया खाली बसल्या. तिने दौतीपासून सहीपर्यंत सगळं सांगितलं. कोणी आवाज चढवला नाही. भिवाजी बुवांनी, ती विहीर खणताना ज्यांचा अंगठा तुटला होता, फक्त विचारलं की आता कुठेच लिहिलेलं नाही काय. ती नाही म्हणाली.

“बस माय,” दुर्गाबाई काकू उठत म्हणाली. “चाय मांडतो.”

घरात जाऊन तिने घागर वाकवून पाहिली, डोक्यावर घेतली आणि नाल्याच्या वाटेला लागली. चहा पाऊण तासाने आला. तोवर कोणी उठलं नव्हतं. वच्छलाने कपबशी घेतली आणि ती सगळ्यांसोबत चहा प्यायली.