जवसाच्या कुळातली लाइन

उल्हास बिवलकर लखनऊच्या एका वनस्पती संशोधन संस्थेत लागला तो एकोणऐंशीच्या मार्चमध्ये, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यात जवस शिरलं. त्याचे साहेब डॉ. राजाराम टिल्लू बावीस वर्षं जवसावर काम करत होते. त्यांचा स्वभावही त्या फुलासारखाच झाला होता. सकाळी उमलायचे, दुपारी बारानंतर एक शब्द नाही.

त्या दिवशी पावणेबाराला त्यांनी सांगितलं, की जवसाला लॅटिनमध्ये लिनम म्हणतात आणि त्याच्या धाग्याला लिनेआ. धागा ताणून धरला की सरळ रेघ मिळते, तीच इंग्रजांची लाइन. एक शाखा दोर म्हणून आली, दुसरी फ्रेंचांकडून रेघ म्हणून, आणि पुढे दोघी एकमेकींत अशा मिसळल्या की कोण कुणाची ते सांगता येईना. मग बारा वाजले.

उल्हासकडे दप्तर होतं, म्हणजे वाळवलेली झाडं. झाड जाड शीटवर टाक्यांनी बसवायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर कुळ, ठिकाण, तारीख, अधिवास, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नाही ते गवत, असं साहेब म्हणत.

उल्हासने विचार केला तो अगदी सरळ होता. लाइन जर जवसाची लेक, तर तिचे सगळे अर्थ जवसाच्या कुळातले. आणि कुळातलं जे आढळेल ते दप्तरी लावायला तर आपल्याला पगार मिळतो. तेव्हा तो सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन निघू लागला.

पहिली शीट घासलेटच्या दुकानापुढच्या लाइनीची. नमुना, फाटलेलं टोकन. अधिवास, ओलसर, तेलकट. पहाटे विपुल, दुकान उघडताच विरळ. मग चारबाग स्टेशनजवळच्या रुळांतली खडी. अमीनाबादच्या शिंप्याकडची अस्तराची चिंधी, कारण लाइनिंगसुद्धा मुळात जवसाच्याच कापडाचं. गोमतीवरच्या कोळ्याच्या गळाची दोरी. छावणीच्या परेडच्या मैदानावरचा चिमूटभर चुना. एक बसवाला म्हणाला, इस लाइन में इज्जत नहीं है भैया. त्याच्या हातचं तिकीट. युनिव्हर्सिटीच्या फाटकापाशी एक पोरगा एका मुलीला लाइन मारत होता, तिथलं एक चुरगळलेलं गुलाबाचं पान. शेरा, नमुना लाजाळू, जवळ जाताच मिटला.

शेहेचाळिसावी शीट घरातलीच होती. उल्हास राहायचा सदर बाजारात, सरलाकाकू ढोक्यांकडे. काकूंचे यजमान सुभेदार होते; ते गेले तरी काकूंना छावणीशेजारची खोली सोडवली नव्हती, आणि अमरावती सुटून तीस वर्षं झाली तरी अमरावतीची बोली सोडवली नव्हती. उल्हासच्या सांगलीत लाइट जाते. काकूंची लाइन जायची. रोज जायची. एका संध्याकाळी ती गेली त्याच क्षणी उल्हासने ओढलेली काडी विझवून शीटवर बसवली.

ऑगस्टमध्ये पुण्याच्या दप्तराकडून जवसाच्या शीटांची अदलाबदलीची मागणी आली. कपाटात दोन गठ्ठे होते, दोन्हींवर उल्हासच्याच अक्षरात 'कुळ: जवस'. त्याने एक बांधून पाठवला. दोन महिन्यांनी पुण्याचं उत्तर आलं ते साहेबांनी फोडलं. शेहेचाळीस शीट मिळाल्या, नोंदवल्या, क्रमांक दिले, आभारी आहोत. परत करण्याचा प्रश्न नव्हता. नोंदलेली शीट पुण्याहून हलत नाही.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, मग उल्हासला समोर बसवून सगळ्या शीटांची माहिती तोंडी सांगायला लावली. मधे ते एकदाच बोलले. गुलाबाचं पान कोणत्या जातीचं, हे लिहायला हवं होतं.

मग ते म्हणाले, "पाठवलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जोडप्रत मागे ठेवल्याशिवाय आपल्याकडची एकही शीट बाहेर जात नाही. तुम्ही शेहेचाळीस घालवल्यात."

उल्हासची उमेदवारी महिनाअखेरीला संपत होती. पंधरा दिवस होते. जोडप्रती जिथल्या तिथून पुन्हा गोळा झाल्या तर कायम; नाहीतर अहवालात लिहावं लागेल, की यांना दप्तर कळत नाही. मग सांगली, आणि मेव्हण्याच्या हळदीच्या वखारीत जन्मभर पिवळं होत बसणं. उल्हासला लखनऊ सोडायचं नव्हतं. का ते त्याला सांगता आलं नसतं, पण या शहरात कुणीही कसल्याही लाइनीत उभं राहून दुसऱ्याला 'पहले आप' म्हणतं आणि लाइन तिथेच राहते, हे त्याला फार आवडायचं.

तो पुन्हा हिंडू लागला. ऑक्टोबरातलं पहाटेचं धुकं गोमतीवरून उठून रस्त्यांत येऊन बसलेलं असायचं. घासलेटच्या लाइनीत उभ्याउभ्या त्याला डुलकी लागली, आणि पुढची सगळी माणसं हलके डोलणारे देठ झाली, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक निळं फूल. मागचा माणूस हळूच म्हणाला, "आगे बढ़िए, खिल गए आप तो." सगळं शहर एकाच धाग्यात ओवलंय आणि पलीकडचं टोक कुणीतरी हळूहळू गुंडाळतंय, असं त्याला वाटू लागलं. शिंपी तोच, चिंधी वेगळी. फाटकापाशी तोच पोरगा, मुलगी वेगळी. बाराव्या दिवसापर्यंत पंचेचाळीस शीट झाल्या.

शेहेचाळिसावी होईना. लाइन जाईचना.

कुणी म्हणे दिल्लीहून मोठे पाहुणे आलेत, कुणी म्हणे कारखाने बंद आहेत. सदर बाजार आनंदात होता. लोक बल्बाकडे पाहून हसायचे. उल्हास रोज संध्याकाळी काडेपेटी हातात घेऊन बल्बाखाली बसायचा, आणि बल्ब त्याच्याकडे पाहत राहायचा.

काकूंनी दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अरे, काडी ओढ न् चिपकव. काहून जीव जाळून राहिला?"

"तारीख खोटी होईल, काकू."

"कोण पाहते?"

"पुणं," उल्हास म्हणाला.

काकूंनी यावर विचार केला. अखेरच्या संध्याकाळी सात वाजता त्या उठल्या, बल्बाला पदराने पुसलं, आणि दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. खोली काळी झाली. शेजारच्या घरांतून उजेड आत डोकावत होता.

"गेली बाप्पा लाइन," काकू अंधारातून म्हणाल्या. "ओढ आता."

उल्हासने काडी ओढली. अंधार खरा होता, जागा तीच होती, तारीख खरी होती, काकूही त्याच होत्या. विझलेली काडी त्याने शीटवर बसवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. दप्तरात एक नियम आहे. झाड रानात आपोआप उगवलेलं नसेल, कुणी बागेत लावलेलं असेल, तर तसा एक शब्द लिहावा लागतो. तो एक शब्द राहिला तर कुणालाही कळणार नव्हतं. आणि लिहिला तर ती शीट जोडप्रत होत नव्हती. काकूंनी स्विच वर केला, भात टाकला, भात झाला, जेवायला हाक मारली. उल्हासने तो शब्द लिहिला आणि मग जेवला.

सकाळी साहेबांनी पंचेचाळीस शीट उलटल्या. शेहेचाळिसावीवर त्यांचं बोट थांबलं.

"लावलेली," त्यांनी वाचलं. "म्हणजे?"

उल्हासने सगळं सांगितलं. पंधरा दिवस वाट पाहिली, रानातली आढळली नाही. ही घरमालकिणीने लावली. ही धरता येत नसेल तर आपण पंचेचाळीसच लिहा, असंही तो म्हणाला, आणि त्याच्या नाकाला हळदीचा वास आला.

साहेबांनी खिडकीतून बाहेरच्या जवसाच्या वाफ्यांकडे पाहिलं.

"मी बावीस वर्षं जवस पाहतोय," ते म्हणाले. "कापडाचं जवस रानात कुठेच उगवत नाही, बिवलकर. सगळं कुणीतरी लावलेलंच असतं. मी एकही आपोआप उगवलेलं पाहिलं नाही." मग त्यांनी अहवाल पुढे ओढला, 'कायम करावे' असं लिहिलं, सही केली आणि शीट परत दिली. "ही अपुरी आहे. लावणाऱ्याचं नाव घाला. आणि हिचीही जोडप्रत करा, एक पुण्याला जाईल."

संध्याकाळी उल्हासने काकूंना विचारून चिठ्ठीवर लिहिलं, लावणाऱ्या: सरला ढोके. काकूंनी चष्मा लावून पाहिलं, आणि आपण पुण्याला सरकारी कपाटात जाणार हे त्यांना पुन्हा एकदा सांगावं लागलं.

"असं अर्धं नको लिहू," त्या म्हणाल्या. "सरला नामदेव ढोके लिही. न् तू? तूही जातं का पुण्याले?"

"मी इथंच," उल्हास म्हणाला.

"मग बस," काकू म्हणाल्या, आणि जोडप्रतीसाठी स्विचकडे गेल्या.