सगळ्यांना ठाऊक होतं

चॉन्जू शहराच्या बाजारात ओकबुनचं नूडल्सचं दुकान आणि मालयेचं मासळीचं, समोरासमोर. एकमेकींना शिव्या घातल्याशिवाय दोघींची सकाळ उजाडत नसे.

वसंतात ओकबुनच्या पोटाचं ऑपरेशन झालं. "अल्सर होता, काढला," मुलानं, तेग्यूनं सांगितलं. तेव्हापासून मालये तिला निवडून मासळी देऊ लागली. एकदा ओकबुन मुद्दाम म्हणाली, "ही मासळी? मांजरही तोंड लावणार नाही!"

एरवी मालयेनं सुरी उगारली असती. त्या दिवशी ती रडायलाच लागली.

"काय झालं गं?"

"मला विचारू नकोस. तेग्यूनं शपथ घातलीय."

ओकबुन तशीच इस्पितळात गेली. डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "आजी, मुलाला घेऊन या. त्यांच्याशी बोलतो."

"पोट माझं आहे की त्याचं?"

डॉक्टर पुन्हा कागद चाळू लागले. ती खुर्चीवरून हलली नाही. बाहेर रांग वाढली, तेव्हा कुठे ते बोलले. कॅन्सर. यकृतापर्यंत गेलेला.

संध्याकाळी तेग्यू आल्या आल्या तिनं विचारलं, "आणखी कोणाकोणाला माहीत आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "आई, तू खचली असतीस..."

"कोणाला?"

"बाजारात सगळ्यांना. मोक्पोच्या मावशीलाही."

आईच्या बांगड्यांवरून भांडण झाल्यापासून मोक्पोची बहीण ओकबुनशी कित्येक वर्षं बोलत नव्हती. उन्हाळ्यात अचानक तिचा फोन आला होता, "ताई, चुकलं माझं." त्या आनंदात ओकबुननं गिऱ्हाइकांना फुकट वाढलं होतं. आणि सगळे तिच्याकडे बघत मुकाट्यानं खात होते.

तिनं बहिणीला फोन लावला. "तू माफी मागितलीस, ती मी मरणार म्हणून?"

बहीण म्हणाली, "हो. नाहीतर कशाला मागितली असती? चूक तुझीच होती."

"माझी? चोर तर तू!"

मग दोघी तारस्वरात भांडल्या. तेग्यू मध्ये पडायला गेला, तर ओकबुननं त्याला हातानंच दाराबाहेर घालवलं.

त्या महिन्यात ती मोक्पोला, तोंडावर खरं बोलणाऱ्या बहिणीकडेच राहायला गेली. तेग्यू रोज फोन करायचा. बहीण उचलायची, आणि तिनं काही सांगायच्या आत ओकबुन फोन हिसकावून घ्यायची. "माझं मला विचार," म्हणायची. त्याला मात्र अजूनही आजाराचं विचारता येत नव्हतं. "जेवलीस का?" एवढंच तो म्हणायचा.