पुढची खूण दिसेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी वाटखूण आहे आणि सध्या मला माणसांची शिसारी आली आहे. आपली कहाणी सांगायला बसल्यावर पहिल्याच वाक्यात असं बोलू नये, हे मला कळतं. पण या घटकेला माझ्या पायथ्याशी कुत्र्याच्या घाणीची एक हिरवी पिशवी पडलेली आहे आणि ऊन चढत चाललं आहे. गोड बोलणं आणायचं कुठून?

मी म्हणजे एकावर एक रचलेले तांबडे दगड. तुमच्या लगोरीसारखी दिसते, फक्त मला फोडायचं नसतं. अमेरिकेत, दक्षिण युटातल्या केनार गावाच्या मागे लाल सुळक्यांमधून एक सोपी गोल वाट जाते. जिथून निघाल, तिथेच येऊन पोचाल. दम लागेल असा चढ नाही, त्यामुळे नातवंडांना घेऊन आज्यासुद्धा येतात. अडचण एकच. निम्मी वाट उघड्या कातळावरून जाते आणि कातळावर पाऊल उमटत नाही. म्हणून तिथे आम्ही खुणा उभ्या असतो.

मला थेन ब्रिमहॉलने बांधलं. तेव्हा तो तरुण होता आणि वाटा दुरुस्त करणाऱ्या टोळीत कामाला होता. खाली रुंद, बसके दगड लावायचे, वर लहान. प्रत्येक दगड हलवून बघायचा आणि डळमळला की काढून टाकायचा. त्याची बायको लोर्ना जुनिपरच्या झुडपाच्या तोकड्या सावलीत बसून कंटाळली होती.

"थेन, अरे चर्च बांधतोयस का? पुरे की आता!"

"उद्या ही पडली तर गाव काय म्हणेल? ब्रिमहॉलला साधा दगडावर दगड ठेवता येत नाही!"

मी पडले नाही. वावटळी आल्या, बर्फ आलं, माझ्या फटींत सरड्यांच्या किती पिढ्या वाढल्या. एकदा धुळीच्या वादळात एक अख्खं कुटुंब माझ्या आधाराने वाटेला लागलं, तेव्हा त्यातल्या बाईने माझ्यावर हात ठेवून देवाचे आभार मानले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

थेनने आपल्या मुलीला, नेड्राला, इथेच एक नियम शिकवला. एका खुणेपाशी उभं राहायचं आणि पुढची खूण दिसल्याशिवाय पाय उचलायचा नाही. दिसलीच नाही तर जागा सोडायची नाही, कुणीतरी येतंच. केनारच्या सगळ्या लेकरांना हे चालायला लागल्याबरोबर शिकवतात.

पुढे लोर्ना गेली. मग थेनचं डोकं हळूहळू रिकामं होऊ लागलं. तो शेजाऱ्यांची नावं विसरला, मग स्वयंपाकघर कुठे आहे तेही विसरला. नियम मात्र राहिला. रोज सकाळी तो एकटा ही वाट चालायचा आणि माझ्यापाशी आला की टोपीला हात लावायचा. चर्चमध्ये बायकांना जसं म्हणतात तसं म्हणायचा, "काय सिस्टर, बरं आहे ना?"

नेड्राला भीती वाटत होती. या वसंतात ती बरेच दिवस त्याच्या मागे लपत लपत चालली. तो कुठेच चुकला नाही. शेवटी माझ्याजवळच तिने त्याला गाठलं.

"बाबा, जा तुम्ही एकटे. पण एकदा जरी चुकलात ना, तर संपलं. मग मी ऐकायची नाही."

"चुकतोय कशाला? खुणा आहेत की!"

मित्रांनो, त्या म्हाताऱ्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

आता घाणीकडे येते. हल्ली आमच्या वाटेचे फोटो कुठे कुठे फिरतात आणि माणसांचे लोंढे येतात. झुडपामागे वापरलेले कागद, खडकावर कोरलेली नावं, संत्र्याच्या साली. सालींना म्हणे काही होत नाही, मातीत मिसळतात! इथे पाऊसच नाही, मिसळणार कशात? आणि सगळ्यांत किळसवाणी तऱ्हा कुत्रेवाल्यांची. घाण पिशवीत भरतात, पिशवीला छान गाठ मारतात आणि ठेवून देतात वाटेतच.

असंच एके दिवशी शेल्बी आणि ब्रेडन नावाचं एक जोडपं आलं. बरोबर वॉफल नावाचं पांढरं कुत्रं होतं. कुत्र्याने जे करायचं ते केलं. कुत्र्याचा मला राग नाही.

"ए, ही पिशवी मी नाही हं धरणार," शेल्बी म्हणाली.

"ठेव की त्या दगडांवर. येताना उचलू."

येताना! अरे शहाण्या, वाट गोल आहे. तू येताना या बाजूला येणारच नाहीस. पण माझं कोण ऐकतो? पिशवी माझ्या डोक्यावर बसली.

मग शेल्बीला फोटो हवा झाला. तिने माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

"शी! पिशवी दिसतेय त्यात. आणि ही आहेपण बुटकी. तू मला तिकडे कड्याजवळ नवीन बांधून दे ना, उंच!"

ब्रेडनने पिशवी माझ्या पायाशी टाकली आणि माझे वरचे दगड उचलून नेले. कड्याजवळ एक काटकुळा मनोरा उभा केला. फोटो झाले, खिदळणं झालं, आणि दोघं पुढे निघून गेली. मनोरा तसाच राहिला. माझं नुसतं बूड उरलं, तेही लांबून न दिसणारं.

थोड्या वेळाने थेन आला. मागच्या खुणेपाशी थांबला, नियमाप्रमाणे बघू लागला. त्याला उंच मनोरा दिसला. माझ्यापासून हाकेच्या अंतरावरून तो तिकडे गेला. मी दगडांची, मला ओरडता येत नाही.

मनोऱ्यापाशी पोचून त्याने पुढची खूण शोधली. पुढे कडा होता आणि खाली दरी. मागे बघितलं, तर मी दिसत नव्हते. म्हणून तो उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं, कातळ तव्यासारखा तापला, त्याची पाण्याची बाटली संपली. तो बसला नाही की हलला नाही.

थेन घरी परतला नाही म्हणून दुपारी नेड्रा धावत आली. बेकरीतलं काम टाकून, अंगावर पिठाने माखलेला ॲप्रन तसाच.

"बाबा! बाबाऽ!"

"इकडे, पोरी. सांभाळून ये, कडा आहे."

त्याचे ओठ फुटले होते. तिने त्याला धरून खडकाच्या सावलीत बसवलं आणि घोट घोट पाणी पाजलं. मग उठली आणि त्या मनोऱ्याला अशी लाथ घातली की दगड दरीत गेले. माझेच दगड होते, पण मला बरं वाटलं. मग ती त्याच्याजवळ बसली आणि रडली.

"संपलं हं बाबा. उद्यापासून एकटं जायचं नाही."

"का?"

"का म्हणजे? मला जरा उशीर झाला असता तर?"

 एखादं पोर विचारतं तसं थेनने विचारलं, "खूण दिसली, मी गेलो. पुढची दिसली नाही, मी थांबलो. मग माझं चुकलं काय?"

नेड्राने त्याचा हात घट्ट धरला. मग त्याला उठवून ती घरी घेऊन गेली. त्यानंतर तो एकटा कधी आला नाही.

म्हणून, मित्रांनो, आपली घाण आपल्याबरोबर न्या. दगड आहेत तिथे राहू द्या. आणि हौसेने एखादा मनोरा बांधून फोटो काढला असेल, तर एकदा केनारला या. नेड्रा काम करते त्या बेकरीच्या मागच्या अंगणात थेन बसलेला असतो आणि येईल त्याला विचारतो, माझं काय चुकलं. त्याला उत्तर द्या.