मुंगीचा दात

मत्सर हा तरुणांचा रोग आहे. केस पांढरे झाले की तो आपोआप बरा होतो आणि माणूस समुद्रासारखा शांत नि विशाल होतो. हे वाक्य माझंच आहे. एका मासिकात छापून आलं होतं आणि पुष्कळांनी त्याचं कात्रण काढून ठेवलं होतं. ते लिहिलं तेव्हा माझे केस काळे होते आणि मला व्याही नव्हता.

व्याही म्हणजे माझ्या जावयाचे वडील. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. मीही निवृत्त, वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहीत असे. तसं पाहिलं तर दोघांचा धंदा एकच, लोकांना तोंड उघडायला लावण्याचा. फरक इतकाच की त्यांच्याकडे लोक आपण होऊन यायचे.

जावयाच्या मनात आलं की दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकदा लांबच्या देशात फिरवून आणावं. आधी मोठमोठी शहरं, मग घाट उतरून किनारा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने परत. भाड्याची ऐसपैस गाडी, चालवायला जावई स्वतः. आत माझी लेक, माझी बायको, मी, डॉक्टर आणि नात. नातीचं शाळेतलं नाव भारदस्त आहे, पण ती एका जागी ठरत नाही आणि गोड कुठेही ठेवलं तरी तिथे पोचते, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणतात.

मुंगीचा वरचा पुढचा दात हलायला लागला तो जाताना विमानातच. नातीचा दात हलणं ही काही जगाच्या इतिहासातली घटना नव्हे. पण तो हलला तेव्हा ती डॉक्टरांच्या शेजारी बसली होती. मी काही रांगा मागे एका परक्या गृहस्थाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलो होतो. मला जाग आली तोवर दाताचा ताबा गेलेला होता.

त्या दिवसापासून हॉटेलातल्या न्याहारीच्या टेबलावर रोज दरबार भरायला लागला. डॉक्टर चष्मा पुसणार, हात धुऊन येणार, "आ कर राणी" म्हणणार, बोटाने दात जरासा ढकलणार आणि निकाल देणार, "छान. पण घाई नको. उद्या बघू." यावर माझी लेक, जावई आणि खुद्द माझी बायको अशा माना डोलवायचे, जणू काही सर्वोच्च न्यायालयाने पुढची तारीख दिली.

मला काय हवं होतं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे माझं पुढचं वागणं समजून घ्यायला सोपं जाईल. तो दात पडेल तेव्हा मुंगी माझ्याजवळ असायला हवी होती. बस, इतकंच. पुढचा पहिला दात माणसाचा एकदाच पडतो, आणि तो कुठे पडला, जवळ कोण होतं, हे माणूस स्वतः आजोबा होईपर्यंत सांगत राहतो. त्या गोष्टीत मला जागा हवी होती. डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात पोतंभर दात पाहिलेत. त्यांना एकाने काय फरक पडणार होता?

पहिल्या शहरात आम्ही वस्तुसंग्रहालय पाहिलं. तिथे नाक तुटलेला एक दगडी राजा होता. मी मुंगीला थांबवून सांगितलं की हा राजा दुसऱ्याच्या कारभारात इतकं नाक खुपसायचा, की शेवटी ते तिथेच राहिलं. हे मला ऐन वेळी सुचलं होतं आणि, मीच सांगतो, बरं जमलं होतं.

"कुठे राहिलं?" मुंगीने विचारलं.

"दुसऱ्याच्या कारभारात."

"ते कुठे असतं?"

मी उत्तर जुळवतोय तोवर मागून डॉक्टर आले. त्यांनी राजाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "याचं रूट कॅनल करावं लागणार."

मुंगी हसत हसत जमिनीवर बसली.

पुढे मनोऱ्यावरचं घड्याळ आलं. डॉक्टर म्हणाले, रूट कॅनल. कारंज्यातला सिंह आला. रूट कॅनल. दुसऱ्या शहरात, ज्या किल्ल्याच्या पायऱ्या चढताना मी तीन ठिकाणी देखावा पाहायला थांबलो आणि डॉक्टर एकदाही थांबले नाहीत, त्या किल्ल्यावर गंजकी तोफ होती. तिचंही रूट कॅनल. मुंगी दर खेपेला तितकीच हसायची. मी एखादा विनोद वर्षाने दुसऱ्यांदा वापरला तर संपादकांकडे तक्रारी जायच्या.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी बायकोला विचारलं. "तिला रूट कॅनल म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

बायको बाकावर बसून केळं सोलत होती. "तुम्ही जळताय," ती म्हणाली.

"मी कशाला जळू?"

"मग नका जळू. केळं खा." अर्धं केळं माझ्या हातात देऊन ती पुढे म्हणाली, "एकटे आहेत हो ते. विहीणबाई गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच तेवढ्या."

"त्या भिंतींचंही रूट कॅनल झालं असेल."

"अहो," बायको म्हणाली. आमच्या घरात एवढ्यावर विषय संपतो.

लेकीचंही तेच. ती सासऱ्यांना बाबा म्हणते. मलाही बाबाच म्हणायची, पण या प्रवासात घोटाळा व्हायला लागला म्हणून त्यांना नुसतं 'बाबा' राहिलं आणि माझं 'आमचे बाबा' झालं. चांगल्या शब्दाला विशेषण जोडलं की त्याचा भाव उतरतो, हे मी हयातभर लिहून शिकलो होतो. माझ्यावर प्रयोग मात्र पहिल्यांदाच झाला.

दुसऱ्या शहरातून किनाऱ्याकडे निघायच्या दिवशी मी चाल खेळलो. गाडीत जावयाशेजारची सीट मानाची. आजवर त्या सीटवरून आमचं रोज "तुम्ही बसा", "छे, छे, तुम्ही" चालायचं आणि डॉक्टर बोलता बोलता मागचं दार उघडून मुंगीजवळ बसलेलेही असायचे. त्या सकाळी मी मागच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"डॉक्टर, तुम्ही मुलाकडचे. तुम्ही मागे बसलात तर चार लोक मला नावं ठेवतील."

डॉक्टरांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. रस्ता झाडणारी एक मोटार सोडली तर चिटपाखरू नव्हतं. "इथे कुठले चार लोक?"

"प्रश्न लोकांचा नाही, मानाचा आहे."

"बसा ना बाबा पुढे," लेक म्हणाली. "आमच्या बाबांना तेवढंच बरं वाटेल."

डॉक्टर पुढे बसले. मी मागे. सपाट रस्ता होता तोवर माझ्यासारखा सुखी माणूस त्या देशात नसेल. मुंगीने माझ्या मांडीवर पाय टाकले आणि जिभेने दात आडवा करून दाखवला.

"हात लावू?" मी विचारलं.

"आबा म्हणालेत, हात धुतल्याशिवाय कुणी नाही." आबा म्हणजे डॉक्टर.

मग घाट लागला. माझा अनुभव असा की मागच्या सीटवर पुढच्यापेक्षा जास्त वळणं असतात. मी तिला एका आळशी घोड्याची गोष्ट सांगत होतो. घोडा तलावाशी पोचला आणि मला पुढे बोलवेना.

"पप्पा, गाडी थांबवा," मुंगी म्हणाली. "आजोबांचा रंग बदलला."

गाडी थांबली. डॉक्टरांनी खाली उतरून मला पाणी दिलं, खिशातून आल्याची वडी काढून दिली, दंड धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, "समोर लांबवर बघत राहा, लेखक." आणि स्वतः मागे जाऊन बसले. मला उलट्या होत होत्या, त्यामुळे मानाचा मुद्दा पुन्हा काढता आला नाही. पुढे किनारा आला. म्हणे फार सुंदर होता. मी बहुतेक वेळ वरच्या छोट्या आरशात मागची सीट पाहत होतो.

किनाऱ्यावरच्या शेवटच्या गावात आम्ही मुक्काम केला. हॉटेलच्या खालीच मिठाईचं दुकान होतं आणि काचेमागे एक बाई टॉफीचा लगदा लोखंडी आकड्यावर टाकून ओढत होती. लगदा हातभर लांबायचा पण तुटायचा नाही. मी त्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एक पुडा घेतला. मुंगीला गोड आवडतं म्हणून घेतला, असं मी स्वतःला दुकानाच्या दारापर्यंत सांगत होतो.

दुपारी उन्हं कलल्यावर लेक-जावई पाण्यात पाय बुडवायला गेले, बायको शिंपले वेचायला गेली, डॉक्टर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत डुलकी घेत होते. मी आणि मुंगी वाळूच्या कडेला बुटक्या कठड्यावर बसलो. मी पुडा उघडला.

"आबा नाही म्हणालेत," ती म्हणाली. "दात पडेपर्यंत चिकट काही खायचं नाही."

"आबांचं बरोबर आहे. पण ही मुळीच चिकट नाही. हे बघ."

मी एक टॉफी तोंडात टाकली, दोनदा चावली, आणि माझ्या पुढच्या दातावरची टोपी, म्हणजे कॅप, टॉफीबरोबर बाहेर आली. ती बसवणाऱ्याने मला सांगितलं होतं की तुम्ही जाल पण ही जाणार नाही.

मी ओठ मिटून समुद्राकडे पाहू लागलो.

"आजोबा, परत रंग बदलतोय का?"

मी मान हलवून नाही म्हणालो.

"मग बोला ना. घोड्याचं काय झालं?"

किती वेळ गप्प बसणार? मी तोंड उघडलं. "घोडा तलावाशी बसला," एवढंच म्हणालो. पण प्रत्येक 'स' आणि 'श' खिंडारातून शीळ घालत बाहेर पडला.

मुंगीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती कठड्यावरून वाळूत घसरली. पोट धरून हसली, लोळून हसली, उठून बसली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आडवी झाली. "अजून एकदा. घोड्याचं म्हणा." मी म्हणालो. मी त्या दिवशी ते घोड्याचं वाक्य इतक्यांदा म्हणालो की येणारे-जाणारे थांबले. इतकी वर्षं मी शब्दांवर मेहनत घेतली आणि खरी मागणी नेमकी भोकाला होती.

मग ती एकदम गंभीर झाली. "मला पण द्या."

"काय?"

"टॉफी. तुमचा पडला ना, मग माझा पण पडू दे."

"पण आबा…"

"आबा रोज म्हणतात उद्या."

कागद सोडवायला लागतो तेवढा वेळ मी विचार केला. टॉफी तिच्या तोंडात गेली आणि लगेच बाहेर आली, दातासकट. रक्ताचा एक ठिपका, बस. माझ्या तळहातावर दोन टॉफ्या आणि दोन दात. मी जिंकलो होतो.

"चला, आबांना दाखवू," मुंगी म्हणाली.

"आधी आजीला दाखवू या का?"

"आबांना." आणि ती धावतही सुटली.

जिंकल्याचा आनंद वाळूपासून व्हरांड्यापर्यंत टिकला. "आबा, आमचे दोघांचे पडले," ती ओरडली. डॉक्टर दचकून जागे झाले. त्यांनी तिचा दात घेतला, धुतला, उजेडात फिरवला, कागदात गुंडाळून तिच्या हाती दिला. "छान पडला," म्हणाले. ती आजीला शोधत किनाऱ्याकडे पळाली. ते तिच्याकडे पाहत राहिले, दवाखान्याला शेवटचं कुलूप लावून चावी दुसऱ्याच्या हाती दिलेल्या माणसासारखे. हा चेहरा पाहायला मी अख्खा प्रवास टपलो होतो. मजा आली, नाही असं नाही. पण ठरवली होती तेवढी नाही.

"बसा," डॉक्टर मला म्हणाले. "आ करा."

त्यांनी बॅगेतून एक चपटी डबी आणली. आत छोटा आरसा, चिमटा, दात तात्पुरता बसवायची ट्यूब.

"तुम्ही निवृत्त असून हे सगळं?" मी शीळ घातली.

"तुम्ही निवृत्त होऊन टोमणे मारायचे थांबलात का? आ."

टोपी स्वच्छ करून त्यांनी जागेवर बसवली आणि बोटाने दाबून धरली. "आता दोन मिनिटं जबडा हलवायचा नाही," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "तुम्हाला मधे बोलता येणार नाही, म्हणून सांगून टाकतो. तिचा दात पहिल्याच शहरात निघाला असता."

"आँ?"

"हलू नका. नुसतं बोट लावायचं काम होतं. मी रोज हलवल्यासारखं करायचो आणि उद्या म्हणायचो. दात पडला की ती माझ्याकडे कशाला येईल? मला तुमच्यासारखं बोलता येत नाही हो. जवळ एक ते रूट कॅनल. तेसुद्धा घाबरून तोंडातून गेलं. तुमचं ते राजाच्या नाकाचं ऐकलं आणि मला घाम फुटला."

मी डोळ्यांनी "काय सांगता" असं म्हणायचा प्रयत्न केला.

"गाडीत तुम्ही पेंगलात की ती रोज मला विचारते, आबा, त्या राजाचं नाक शेवटी सापडलं का? मला काय माहीत? शेजारचे दात पाहिले मी तिचे, पक्के आहेत अजून, म्हणजे आता तेही निमित्त नाही. या वयात जळफळाट बरा नाही, हे कळतं. पण होतो."

समोर सूर्य पाण्याला टेकायला आला होता आणि खाली मुंगी आजीला खिंडार दाखवत होती. माझ्या मनात एक वाक्य उभं राहू लागलं. त्यात मत्सर होता, म्हातारपण होतं, मानाची सीट होती, टॉफीचीही कबुली होती आणि शेवटी दोन माणसं एकमेकांना क्षमा करत होती. आजवरच्या लिखाणात असं वाक्य मला साधलं नव्हतं. कात्रण काढून ठेवावं असंच होतं.

डॉक्टरांनी बोट काढलं. "काही म्हणत होतात?"

मी खुर्चीत सरळ झालो, घसा साफ केला, समुद्राकडे हात केला.

डॉक्टरांनी त्या हातात पाण्याचा पेला दिला.

"आधी जरा चूळ भरा."