कुप्पीच्या गळ्यातला लाल दोरा

मी एक जुनी पत्र्याची कुप्पी आहे, मित्रांनो. माझी चोच लांब आणि बारीक, बाजूला धरायला मूठ. बूड दाबलं की मी थेंब सोडते. सेलूच्या बाजारात डबे-कंदील करणाऱ्या एका कारागिरानं मला आणि माझ्या बहिणीला एकाच पत्र्यातून कापलं. आम्ही दोघी जुळ्याच. तेव्हा निजामाचं राज्य होतं. कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आम्हाला नेलं, तिथं आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. तिच्यात एरंडेल भरलं, माझ्यात घासलेट.

एरंडेल घट्ट. फिरत्या लोखंडाला ते थंड ठेवतं. मी मात्र धुणारी. बंद यंत्राची घाण आणि गंज काढायचा, एवढंच माझं काम. चालत्या बेरिंगवर मी पडले, तर होतं नव्हतं तेलही धुऊन टाकते.

आमचं घर मोठं होतं. पिंपातून तेल ओढणारा हातपंप होता, गाळणीचं नरसाळं होतं, बेरिंगवर बसून थेंब थेंब पाझरणारी पितळी तेलवाटी होती. या साऱ्यांचा धनी एकच, तेलवाला धोंडप्पा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, ओठांवर आदल्या रात्रीच्या शिवकीर्तनातलं पद. महादेवाच्या देवळात कीर्तन असलं की हा सगळ्यात पुढं बसायचा आणि सगळ्यात आधी रडायचा.

त्याला अक्षर येत नव्हतं. म्हणून त्यानं माझ्या गळ्यात लाल दोरा बांधला. लाल दोरा म्हणजे घासलेट, बिनदोऱ्याची ती एरंडेल.

"रेचा फिरताना हात आत घालायचा न्हाई," तो रेच्यांवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, काम करणाऱ्या बायांना बजावायचा. "कुप्पीला लांब चोच कशाला दिली देवानं?"

"देवानं न्हाई, पत्रेवाल्यानं दिली," भिवराबाई टोमणा मारायची.

"आन् पत्रेवाल्याला हात कुणी दिले मग?"

तिसऱ्या रेच्यावर कापूस घालणारी कासाबाई तेवढ्यानं पोट धरून हसायची. "आप्पा, तुमी कीर्तनच करा. तेल आमी घालतो."

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या सहा-सात वर्षं आधीचा तो दसरा. नवा हंगाम सुरू होणार म्हणून सगळी यंत्रं घासलेटानं धुतली होती. साऱ्या जिनाला माझाच वास येत होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. धोंडप्पानं आम्हा दोघींना राखेनं लखलखीत घासलं, हळदकुंकू लावलं. मग पूजेचा लाल दोरा हातपंपाला बांधला, पान्यांना बांधला आणि माझ्या बहिणीच्या गळ्यातही बांधला. किती मायेनं बांधला! देवाचा दोरा पाच दिवस सोडायचा नाही, असा तिथला रिवाज.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. धोंडप्पा पद गुणगुणत आला. समोर दोन कुप्प्या, दोघींच्या गळ्यात लाल दोरा. त्यानं मला उचललं. मित्रांनो, मला चोच होती, पण तोंड नव्हतं. तिसऱ्या रेच्याच्या बेरिंगवर मी थेंब थेंब पडत राहिले.

तासाभरात बेरिंग तापून लाल झालं. भोवती साचलेल्या कापसाच्या रुईनं पेट घेतला. कासाबाईनं धूर आधी पाहिला. शेजारच्या भिवराबाईला तिनं दाराकडं ढकललं, आणि तिचा स्वतःचा पदर पेटला. धोंडप्पानं पोत्यात गुंडाळून तिला बाहेर काढलं. कासाबाई दोन दिवस जगली.

पुढं जे झालं ते आगीहून वाईट. जिनाचा मुनशी व्यंकटराव आगीच्या जबाबाचा कागद घेऊन आला.

"कासाबाईनं विडी पेटवली, असं लिहायलोय," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"तिच्या लेकरांना पडतो की!" भिवराबाई कडाडली. "ती मिसरी लावायची. विडी कवा वढली तिनं?"

"तू गप. धोंडप्पा, तुलाबी बरंच हाय हे. अंगठा लाव."

धोंडप्पानं कागद बाजूला सारला. मग जागेवरून उठला, मला घेऊन आला आणि मालक बसवंतरावांच्या समोर स्वतःच्या तळहातावर माझे थेंब पाडले.

"वास घ्या, सरकार. घासलेट हाय. देवाचा दोरा सगळ्यांनाच बांधला मी, आन् खूण पुसली. न बघता ओतलं मीच. त्या बाईचं नाव खोडा."

नाव खोडलं गेलं. धोंडप्पाला त्याच दिवशी जिनातून काढलं. जाण्याआधी त्यानं कानस घेतली आणि माझ्या मुठीवर तीन खोल खाचा पाडल्या. घासलेटाची नवी खूण, तिसऱ्या रेच्याच्या तीन. 

नंतर लोक सांगत, तो कीर्तनाला जातो, पण देवळाच्या पायरीवरच बसतो. आत ये म्हटलं तरी येत नाही.

मी आता गंजून भंगारात पडले आहे. दोरा कधीच कुजला. मित्रांनो, हत्याराची पूजा जरूर करा, त्याला मायेनं दोराही बांधा. पण कुप्पीत काय आहे याची खूण अशी करा, जी पूजेच्या दोऱ्यांत हरवणार नाही आणि हळदकुंकवाखाली झाकली जाणार नाही. आणि ओतण्याआधी एक थेंब तळहातावर घेऊन बघा. धोंडप्पानं तो घेतला, पण उशिरा.

अजूनही कुणी मला उचललं की त्याचा अंगठा त्या तीन खाचांवर येतो. तिथं जरा थांबा.