दोरीला बांधलेला चष्मा

मी एक चष्मा बोलतोय. कुणाचा, ते मात्र विचारू नका. त्या एका प्रश्नापायी तीन अर्ज, एक खुलासा आणि माझी उजवी काडी खर्ची पडली आहे. सांगतो सगळं. मी जरा वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, पण त्याला माझा इलाज नाही. बारीकसारीक गोष्ट मोठी करून दाखवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, तीनशे भावंडांच्या लॉटमध्ये. तपकिरी फ्रेम, जाड काड्या, नंबर अधिक दोन. रूप बेताचंच. दुकानदार मला गिऱ्हाइकापुढे धरून "टिकाऊ आहे हो" म्हणायचा, तेव्हाच मी काय ते समजायचो. देखण्या फ्रेमबद्दल असं कुणी बोलत नाही.

माझे पहिले मालक एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाले तरी खोड गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरच्या चुकासुद्धा लाल पेनानं दुरुस्त करायचे आणि मगच औषध घ्यायचे. साडेसहा वर्षं मी त्यांच्या नाकावर काढली. मग त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवसापासून त्यांना भिंतीवरची मुंगी दिसायला लागली आणि माझी गरज संपली. राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण मला दानाच्या पेटीत टाकण्याआधी त्यांनी रुमालानं नीट पुसलं, म्हणून सोडून दिलं.

ती पेटी होती मदत केंद्राची. ज्यांच्या घरात कमाई थोडी आणि तोंडं जास्त, त्यांच्यासाठी हे केंद्र. धान्य, घरभाड्याला हातभार, औषधं, मुलांची पुस्तकं, सगळ्याच्या योजना होत्या. गरजूंना मोफत चष्मा द्यायचीही एक योजना होती. मी म्हटलं, चला, आपलं लग्न जमलं! कसलं काय. दान आलेला स्वेटर कुणालाही देता येतो, दान आलेला चष्मा देता येत नाही, असा नियम निघाला. मोफत चष्मा हवा तर अर्ज करायचा, अर्ज वर जाणार, वरून मंजुरी येणार, मग नवा चष्मा येणार. हे 'वर' म्हणजे कुठे, ते केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे सातवा मजला, कुणी म्हणे दुसरं शहर. मला विचाराल तर ढगांच्याही वर असावं. तिथून खालचं काही म्हणता काही दिसत नाही.

शेवटी काउंटरवरच्या बाईंनी मला पेटीतून उचललं, डाव्या काडीला पांढरी नायलॉनची दोरी बांधली आणि दुसरं टोक काउंटरच्या खिळ्याला. त्या दोरीत एक पुठ्ठाही अडकवला: 'हा चष्मा केंद्राचा आहे. घरी नेऊ नये.'

माझी गरज का पडली, तर अर्जामुळे. पूर्वी म्हणे अर्ज चार पानी होता. कागद वाचवायचा म्हणून कुणीतरी ती चारही पानं एका पानात कोंबली. अक्षरं अशी, की पिसवेलाही वाकून वाचावं लागेल. त्यात नियम, की अर्ज अर्जदारानं स्वतःच्याच हातानं भरायचा. नियम वाईट हेतूनं केलेला नव्हता. आधी फाटकाशी दलाल बसायचे, अर्ज भरून द्यायचे आणि मिळालेल्या मदतीतली निम्मी खिशात घालायचे. नियम आला, दलाल पळाले. पण त्यांच्याबरोबर मदतीचा हातही आखडला. बाईंना सगळं येत होतं, फक्त पेनला हात लावायची परवानगी नव्हती.

मग काय, आले की चढव मला नाकावर! चार वर्षांत माझ्या अंदाजानं दोन लाख नाकं झाली. बाई म्हणतात चार हजार. त्यांना हिशेबाचं वेड आहे. मला चढवल्यावर माणूस आधी खूश व्हायचा. "अरे वा, लख्ख दिसतंय की!" मग अर्ज वाचायला लागायचा आणि चेहरा उतरायचा. कितीदा वाटलं, डोळे मिटून घ्यावेत. पण मला डोळेच नाहीत, नुसत्या काचा. एक गृहस्थ तर अर्ज देऊन मला घालूनच निघाले. तिसऱ्या पावलाला दोरीनं मागे खेचले गेले, दाव्याला बांधलेल्या वासरासारखे. सगळा हॉल हसला, तेही हसले. त्या हॉलमध्ये हसू तेवढं बिनअर्जी मिळायचं.

आता तिची गोष्ट.

ती एका शिलाई कारखान्यात कोटांना हातानं बटणांची काजं करायची. महागाच्या कोटाचं काज म्हणे यंत्रावर शोभत नाही. सत्तावीस वर्षं तिनं काजं केली. आता जवळचं दिसेना. दूरचा पंखा दिसायचा, बोटातली सुई नाही. तिचा नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी होता. तो रोज सकाळी बारा सुया ओवून एका फडक्यात टोचून द्यायचा. त्या बारा सुया जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरायच्या. पुढे शेजारणीला विनवायचं. हे सुपरवायझरच्या लक्षात आलं. त्यानं सांगितलं, "पुढच्या महिनाअखेरपर्यंत बघतो. सुई ओवता येत नसेल तर धागे कापायला बसावं लागेल." धागे कापायचं म्हणजे मजुरी निम्मी. आणि सत्तावीस वर्षांची काजं केराच्या टोपलीत.

म्हणून ती मोफत चष्म्याचा अर्ज करायला केंद्रात आली. डॉक्टरांनी तपासून नंबर लिहून दिला होता: अधिक दोन पूर्णांक पंचवीस. म्हणजे पाव नंबरनं मी तोकडा. पण तिनं मला लावलं आणि म्हणाली, "अगंबाई! बाई, तुमच्या कपाळावर तीळ आहे होय?"

"होता होता," बाई म्हणाल्या, "आता सुरकुतीत गेला. अर्ज बघा, तीळ नंतर."

तिनं मला लावून सगळा अर्ज सुबक अक्षरात भरला. एक ओळ वाकडी नाही, काजासारखी. खाली सही केली. आणि काउंटरवरच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. हे नवं खूळ त्याच महिन्यात आलं होतं. अर्जदार स्वतः सही करतोय याचा पुरावा म्हणून फोटो, आणि तो अर्जाबरोबर वर.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. तिनं ते माझ्यातूनच वाचलं, म्हणून मलाही वाचावं लागलं: 'छायाचित्रात अर्जदार चष्मा लावून दिसत आहे. सबब चष्म्याची गरज आढळून येत नाही. अर्ज नामंजूर.'

तिनं दोनदा वाचलं. मला काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं, परत लावलं, तिसऱ्यांदा वाचलं.

"बाई, हा तुमचाच चष्मा ना?"

"आमचाच."

"मग?"

"मग काय! फोटोत दोरी आली नाही." बाईंनी कपाळावर हात मारला, बरोबर तिळावर.

माझी काय अवस्था झाली सांगू? ज्या बाईला दिसावं म्हणून मी नाकावर बसलो, तिच्याच वाटेत मी आडवा आलो. काच तडकायची तेवढी राहिली.

"परत भरा," बाई म्हणाल्या. "या वेळी याला न लावता."

"न लावता दिसत असतं तर मी इथे कशाला आले असते हो?"

तरी तिनं प्रयत्न केला. अर्ज माझ्यातून वाचून भरला आणि सहीच्या वेळी मला उतरवून ठेवलं. आता सहीची चौकट केवढी? नखाएवढी. तिनं अंदाजानं पेन टेकवलं. सही झाली, फोटो झाला, सगळे खूश. उत्तर आलं: 'मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी अर्जदाराची सही आढळते. अर्जदाराने स्वतःचा अर्ज स्वतःच मंजूर केल्याचे दिसते. बाब गंभीर आहे. नामंजूर.'

काजवालीनं ते माझ्यातून मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे एकदा तरी मंजूर झाला म्हणायचा!" दारावरचे पहारेकरी काका इतके हसले की त्यांची शिट्टी खाली पडली. पण तिला हसता हसता डोळे पुसावे लागले. महिना संपायला बारा दिवस उरले होते.

तिसऱ्या अर्जाला काकांनी डोकं चालवलं. "सरळ हिशेब आहे. फोटोत दोरी दाखवायची. मी ताणून धरतो, पुठ्ठा गालाशी येऊ दे."

"काका, सांभाळून. जुना आहे तो."

"माझ्याहून जुना नाही!" म्हणत काकांनी दोरी ओढली, काजवालीनं मला नाकावर घट्ट धरून ठेवलं, कॅमेऱ्यानं कटकन फोटो काढला आणि माझी उजवी काडी कटकन मोडली. फोटो मात्र झकास आला. काजवाली, चष्मा, दोरी, पुठ्ठा आणि कोपऱ्यात काकांची मूठ.

या वेळी उत्तर आठवड्यात आलं. तिला नाही, काउंटरवरच्या बाईंना. 'कार्यालयीन मालमत्ता खाजगी व्यक्तीने परिधान केल्याचे छायाचित्रावरून दिसते. पाच दिवसांत खुलासा करावा.'

बाईंनी ते पत्र वाचायला मला उचललं, एका काडीवर तोलून धरलं. हो, त्याही मलाच वापरायच्या, हॉल रिकामा झाला की. कंत्राटावरच्या बाई, त्यांची कमाईही योजनेत बसायची, पण केंद्रात काम करणाऱ्याला केंद्राची मदत घेता येत नाही. आहे की नाही मजा?

त्यांनी खुलासा लिहिला, एकाच ओळीचा: 'चष्मा एक आहे आणि न दिसणारे पुष्कळ आहेत, त्यात मीही आले.' मी आजवर माझ्यातून पाहिलेल्या सगळ्या मजकुरात हे एकच वाक्य धड होतं. पहिल्या मालकांनीसुद्धा त्यात लाल पेन लावलं नसतं.

वरून आदेश आला. या वेळी तर दुसऱ्याच दिवशी. एवढी तत्परता अर्जांच्या बाबतीत कुणी पाहिली नव्हती. 'सदर चष्मा वादाचे कारण ठरत असल्याने वापरातून तात्काळ काढावा व मोडीत टाकावा. मोडीत काढलेल्या वस्तूची विल्हेवाट आपल्या स्तरावर लावावी.'

मोडीत! दोन लाख नाकांची चाकरी करून! मी दोरीवर लटकून नुसता धुमसत होतो. तेवढ्यात काजवाली आली, तिसऱ्या अर्जासोबत केलेल्या अपिलाचं काही झालं का विचारायला. महिनाअखेर दोन दिवसांवर होती. बाईंनी मला डोळ्यांशी धरून तिला आदेश वाचून दाखवला. शेवटची ओळ वाचताना त्या थांबल्या. परत वाचली. परत.

"आपल्या स्तरावर म्हणजे हो कुणाच्या?" काजवालीनं विचारलं.

"म्हणजे माझ्या," बाई हळूच म्हणाल्या. "तुमच्याकडे कात्री आहे?"

तिच्या पिशवीत धागे कापायची बोटभर कात्री असायचीच. तिनं काढली. नायलॉनची दोरी तीन दाबांत तुटली.

"मी हा इथे काउंटरच्या कडेला ठेवतेय," बाई छताकडे बघत म्हणाल्या. "मोडीचा माल आहे. पडला कुठे तर मला माहीत नाही."

काजवालीनं पिशवी कडेला लावली. बाई सांगतात, मी पडलो. साफ खोटं. मी उडी मारली.

घरी तिच्या नवऱ्यानं माझी काडी काजाच्याच रेशमी दोऱ्यानं गुंडाळून बसवली, घट्ट, देखणी. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा देखणा झालो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुपरवायझरनं तिच्यापुढे काळा कोट टाकला, वर काळा दोरा. एका बाजूला सहा काजं. तिनं सुई स्वतः ओवली, पहिल्याच झटक्यात. त्यानं काजं अंगठ्यानं चाचपली, उजेडात धरली आणि "हं" म्हणाला. त्या कारखान्यात "हं"च्या वर कौतुक नाही. ती आपल्या जागेवर राहिली.

नवरा अजूनही रोज बारा सुया ओवून देतो. तिनं त्याला नको म्हटलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती त्याच वापरते.

परवा अपिलाचं उत्तर घरी आलं: 'अर्जदाराकडे चष्मा उपलब्ध असल्याने नामंजूर.' एवढ्या पत्रांत पहिल्यांदाच वरच्यांचं म्हणणं खरं निघालं! आम्ही तिघं पोट धरून हसलो, पण मला माझा खिळा आठवला. तिथे दोरीचं टोक अजून लोंबतंय. परवाही कुणी आजोबा अर्ज हातभर लांब धरून, मान मागे टाकून उभे असतील. एकाची सोय झाली ती सगळ्यांचा चष्मा मोडीत काढून. याला मदत म्हणायचं असेल तर मला दोन लाख नाकांची क्षमा मागावी लागेल.

म्हणून सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन केंद्राबाहेरच्या बाकावर बसते आणि येईल त्याला अर्ज वाचून दाखवते. भरून देत नाही, पेनला बोट लावत नाही, कुणाकडून काही घेत नाही. नुसतं वाचते, मोठ्यानं, स्वल्पविरामांसकट. काका दारातून शिट्टीचा दोरा फिरवत वरून कुणी येत नाही ना ते बघतात. वाचून दाखवू नये असा नियम अजून कुणाला सुचलेला नाही. तुम्ही कृपा करून सुचवू नका.

आणि तुमच्या कपाटात माझा एखादा बिनकामाचा भाऊ पडला असेल, तर तो त्या दोरीला बांधून या. फक्त पेन सहीच्या चौकटीत टेकलं की, फोटो निघायच्या आधी नाकावरून काढायला सांगा.